सोसायटीचं हळदीकुंकू सगळ्या बायकांचं कसं करायचं

आधी हे का लिहितेय ते सांगते. दोन वर्षांपूर्वीच्या संक्रांतीला आमच्या हॉलमध्ये दरवर्षीसारखं हळदीकुंकू होतं आणि करंडा माझ्या हातात होता. मी ओळीने सगळ्यांना लावत लावत दरवाज्यापर्यंत आले, तिथे चपलांच्या शेजारी चौथ्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या, हातात स्टीलचा डबा. त्यांचे मिस्टर आदल्या पावसाळ्यात गेले. काकू दर संक्रांतीला तिळाच्या वड्या करून आणतात, त्या वर्षीही आणल्या होत्या, पण आत येऊन बसल्या नव्हत्या. माझं बोट कुंकवात बुडलेलं आणि हात तिथेच थांबला, फार तर दोन सेकंद असतील, मग त्यांनीच मला मोकळं केलं, म्हणाल्या "मला नको गं, तू हो पुढे", डबा जवळच्या एका मुलीकडे दिला आणि लिफ्टकडे गेल्या. नंतर त्या वड्या आम्ही सगळ्यांनी खाल्ल्या. त्यांच्या हातचं खायला चाललं आणि त्यांच्या कपाळाला बोट लावायला माझा हात धजला नाही, हे मला अजून पचलेलं नाहीये.

आणि राहतो कुठे आम्ही, तर कर्वेनगरला. हे पूर्वीचं हिंगणे. १८९६ साली अण्णासाहेब कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि १९०० मध्ये तो इथे हिंगण्याला एका झोपडीत आणला, त्या भागाला आज त्यांचं नाव आहे, रोज आपण ते रिक्षावाल्याला सांगतो. आणि त्याच भागातल्या हॉलमध्ये काकू चपलांपाशी उभ्या राहतात.

तर पुढच्या वर्षी आम्ही हे बदललं. एका दमात नाही झालं, थोडी भांडणं झाली, दोन जणी आल्या नाहीत, पण झालं. ज्यांना आपल्या बिल्डिंगमध्ये करायचंय त्यांच्यासाठी काय काय केलं आणि कुठे चुकलो ते सगळं लिहून ठेवते.

सगळ्यात आधी, ग्रुपवर काहीही टाकू नका. आपल्याकडे सवय असते की मनात आलं की व्हॉट्सॅपवर पोल टाकायचा, "विधवा महिलांना बोलवावे का, हो/नाही". हे अजिबात करू नका. ज्यांच्याबद्दल पोल आहे त्या पण त्याच ग्रुपवर असतात आणि आपल्या कपाळावर मतदान चाललेलं त्यांनी का बघायचं. त्याऐवजी त्यांच्या घरी जा, एकटीनेच जा, चहा प्या, आणि विचारा. विचारताना "तुम्हाला चालेल का" असं विचारू नका, कारण त्याचं उत्तर "नको गं" हेच येतं, वर्षानुवर्षं तेच म्हणायची सवय लागलेली असते आणि समोरच्याला अवघड वाटू नये म्हणूनही त्या तसं म्हणतात. मी काकूंना म्हटलं की मला तुमची मदत हवीय, यंदा करंडा तुम्ही घेऊन फिराल का. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, कप विसळून आल्या आणि म्हणाल्या लोक काय म्हणतील. मी म्हटलं ते मी बघते.

हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो म्हणून जरा थांबून सांगते. बऱ्याच ठिकाणी आता विधवांना बोलावतात, कुंकू लावतात, टाळ्या वाजवतात, आणि तरी लावणारी असते ती मंगळसूत्रवालीच. म्हणजे एकीने उपकार करायचा आणि दुसरीने घ्यायचा. हळदीकुंकवात खरा मान लावणारीला असतो, ती यजमानीण असते, ती हॉलभर फिरते, सगळ्या जणी तिच्यापुढे मान किंचित खाली करतात. तो मान ज्यांच्याकडून काढून घेतला होता त्यांच्या हातात करंडा गेला पाहिजे. आमच्याकडे तिघींनी मिळून लावलं, काकू, दुसऱ्या मजल्यावरच्या आजी, आणि एक ताई ज्यांचा घटस्फोट झालाय. आणि हो, घटस्फोट झालेल्या, नवऱ्याने सोडलेल्या, लग्न न केलेल्या, यांना आपण वेगळ्याच एका कप्प्यात टाकतो, त्यांना कोणी दारात अडवत नाही पण कोणी बोलवतही नाही.

आता आमंत्रण. आमचा पहिला मसुदा असा होता की "यंदा विधवा भगिनींनीही यावे". वाचायला छान वाटतं. पण त्या "ही"मध्येच सगळं अडकलेलं आहे, समारंभ आमचा आणि तुम्हीही या. शेवटी जो मेसेज गेला तो असा:

"नमस्कार, रविवारी संध्याकाळी साडेपाच ते आठ हॉलमध्ये संक्रांतीचं हळदीकुंकू आहे. बिल्डिंगमधल्या सगळ्या बायका-मुलींनी यायचंय. आई, सासूबाई, आत्या, घरी आलेल्या पाहुण्या, कामाला येणाऱ्या ताई, सगळ्यांना घेऊन या. ज्यांना हळदीकुंकू लावून घ्यायचं नसेल त्यांच्यासाठी अत्तर आणि फूल आहे. तिळगूळ सगळ्यांना."

बस. कोणाचा नवरा आहे कोणाचा नाही याचा उल्लेखच नाही. नावांची यादी केलीत तर सौ., श्रीमती, कु., गं. भा. हे सगळं काढून टाका आणि नुसती नावं लिहा. पुरुषाच्या नावामागे श्री. लागतं ते लग्नाआधी, लग्नानंतर आणि बायको गेल्यावरही तेच राहतं, आणि बाईच्या नावामागचं अक्षर मात्र नवऱ्याच्या तब्येतीवर बदलतं. २०२३ मध्ये विधवांना सरकारी कामकाजात "गंगा भागीरथी" म्हणावं असा प्रस्ताव आला होता तेव्हा केवढी टीका झाली आठवत असेल. शब्द कितीही पवित्र असला तरी शिक्का तो शिक्काच.

काही सोसायट्यांनी यावर उपाय म्हणून हळदीकुंकू हे नावच काढून टाकलंय, "स्नेहमेळावा" किंवा नुसता "तिळगूळ समारंभ". मला विचाराल तर हे करू नका. भावना चांगली आहे, पण बघा ना, एखादीला वर्षानुवर्षं एक गोष्ट नाकारायची आणि तिला द्यायची वेळ आली की ती गोष्टच बंद करायची, हे काही बरोबर नाही. काकूंना स्नेहमेळावा नको होता, त्यांना कुंकू हवं होतं. त्या मला नंतर म्हणाल्या की लग्नाच्या आधी, शाळेत असल्यापासून मी कुंकू लावत होते गं, ते ह्यांच्याबरोबर आलं नव्हतं.

तयारीचं पटकन सांगते. वाण सगळ्यांना एकच. आम्ही रविवार पेठेत बोहरी आळीतून स्टीलच्या छोट्या गाळण्या घेतल्या, होलसेलमध्ये बऱ्या पडतात, तुळशीबागेतही मिळेल पण संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात तिथे पाय ठेवायला जागा नसते. बांगड्या, कुंकवाची कोयरी, जोडवी असलं वाण नको, कारण मग परत "यांना काय द्यायचं" असा वेगळा ढीग होतो. ओटी भरणार असाल तर सगळ्यांची भरा, नाहीतर कोणाचीच भरू नका. ओटीवरून आमच्यात सगळ्यात जास्त वाद झाला, कारण ओटी म्हणजे मुलंबाळं, संसार, नारळ, खण, लोकांच्या मनात ते फार खोल बसलेलं असतं. शेवटी ओटी काढून टाकली आणि प्रत्येकीला वाटीभर गहू, हरभरे, बोरं, उसाचे करवे आणि तिळगूळ असं दिलं, सुगडात घालतो तेच, त्यावर कोणाचं काही म्हणणं नव्हतं.

बसायचं कसं हेही ठरवा, ते सोडून देऊ नका. मोकळं सोडलं की सगळ्या आपापल्या जागी जातात, नव्या सुना पुढे आणि वयस्कर एकट्या बायका मागे भिंतीला टेकून. आम्ही खुर्च्या काढल्या आणि गोल जाजम घातलं. ही काही माझ्या डोक्यातली कल्पना नाही. १८५२ च्या संक्रांतीला सावित्रीबाईंनी पुण्यात तिळगूळ समारंभ केला होता आणि त्याच्या आमंत्रणातच होतं की कुठल्याही जातीधर्माच्या बायका असोत, सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल आणि भेदभाव न करता सगळ्यांना हळदीकुंकू लावून तिळगूळ दिला जाईल. म्हणजे आपण आज करतोय ते पुण्यात पावणेदोनशे वर्षांपूर्वी होऊन गेलंय. गोलात बसल्याचा फायदा असा की लावणारीला निवड करावी लागत नाही, जी शेजारी आहे तिला लावायचं, पुढे सरकायचं. माझा हात थांबला होता कारण मी मनातल्या मनात निवडत होते. निवडायची वेळच येऊ दिली नाही की हात थांबत नाही.

कामाला येणाऱ्या ताईंचं मुद्दाम बघा. त्या येतात पण दारात उभ्या राहतात, वाण घेतात, जातात. त्यांना हाताला धरून जाजमावर बसवा, त्यांच्या वेळा सांभाळा, संध्याकाळी सहा ते सात त्यांची दुसरी कामं असतात म्हणून आम्ही वेळ आठपर्यंत ठेवली.

दुसऱ्या धर्माच्या शेजारणींना आधी विचारा की काय चालेल. आमच्या शेजारच्या भाभी मुसलमान आहेत, त्या अत्तर लावून घेतात, तिळगूळ घेतात, कुंकू नको म्हणतात, विषय संपला. त्या दिवशी काकूंवरून बोलणं निघालं तेव्हा त्या जे म्हणाल्या ते मी विसरणार नाही. म्हणाल्या, आमच्यात नवरा गेला की इद्दत असते, चार महिने दहा दिवस, मग ती संपते, तुमच्यात कधी संपतं? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मग त्याच म्हणाल्या की आमच्यातही सगळं सरळ आहे असं नाही, मी कधी मशिदीत जाऊन नमाज पढलेली नाही. मला माहिती होतं की २०१९ मध्ये पुण्यातल्याच एका जोडप्याने मशिदीत बायकांना प्रवेश मिळावा म्हणून सुप्रीम कोर्टात याचिका केली होती, आणि हमीद दलवाईंनी मुस्लिम समाजात सुधारणा व्हाव्यात म्हणून मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं ते पण पुण्यातच, १९७० साली. आम्ही दोघी त्यावर अर्धा तास बोललो. अशा गप्पा हॉलमध्ये होतात तेव्हा हळदीकुंकू कशासाठी असतं ते कळतं. एके काळी बाईला घराबाहेर पडायला धर्माचंच कारण लागायचं, देवदर्शन, कीर्तन, हळदीकुंकू, आणि त्या कारणाने बाहेर पडलेल्या बायकांनी नंतर शाळा काढल्या, सभा घेतल्या. जागा धर्माने दिली, पण आत यायचा पास नवऱ्याच्या नावावर होता.

आता विरोध. तो होणारच, त्याची तयारी ठेवा आणि चिडू नका.

"शास्त्रात नाही" असं म्हणणारे भेटतील. त्यांच्याशी शास्त्रावर वाद घालत बसू नका, तुम्ही आणि ते दोघांनीही वाचलेलं नसतं. एवढंच विचारा की वर्गणी घेताना शास्त्र बघितलं होतं का. काकूंकडून हॉलचा मेंटेनन्स आणि गणपतीची वर्गणी दरवर्षी घेतली जाते, पावती त्यांच्या नावाने फाटते. पैसे चालतात तर कपाळ का नाही. आमच्या कमिटीत हा एक प्रश्न पुरला.

"त्यांनाच नको असतं" असंही म्हणतात. काहींना खरंच नको असतं, आणि त्यांचा नकार मनापासून मान्य करायचा, ओढून आणून कपाळाला बोट लावणं हीसुद्धा जबरदस्तीच आहे. आमच्या एका आजींनी फक्त फूल घेतलं, म्हणाल्या चाळीस वर्षं लावलं नाही आता नको, पण जाजमावर मधोमध बसल्या आणि उखाण्यांना सगळ्यात मोठ्याने हसल्या. पण नको कोण म्हणतंय ते तिच्या तोंडून ऐका, तिच्या जावेच्या नाही.

सगळ्यात कठीण म्हणजे नव्या लग्न झालेल्या मुलींच्या सासवा. "आमची सून नवी आहे, तिला तसल्या हाताचं नको." हे ऐकल्यावर माझं डोकं तापलं होतं, पण दुसऱ्या मजल्यावरच्या आजींनी मला गप्प केलं आणि त्या स्वतः त्या सासूबाईंकडे गेल्या. काय बोलल्या मला माहिती नाही. त्या सासूबाई आल्या नाहीत, सून आली आणि काकूंकडूनच लावून घेतलं. आमच्यात ज्या दोघी आल्या नाहीत त्यांच्याशी आम्ही बोलणं तोडलं नाही, त्यांचं वाण घरी पोचवलं. हे जरूर करा, पुढच्या वर्षी त्यातली एक आली.

कायद्याचा धाक दाखवून उपयोग नाही हेही सांगते. विधवा पुनर्विवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला, आणि नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत असा ठराव कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला मे २०२२ मध्ये करावा लागला. मधे १६६ वर्षं गेली. हेरवाडचं बघून सरकारनेही बाकीच्या ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. मंदिराच्या बाबतीत कायदा चालतो, १९५६ चा प्रवेशाचा कायदा होता म्हणून हायकोर्टाने २०१६ मध्ये बायकांच्या बाजूने सांगितलं आणि त्या गुढीपाडव्याला शनिशिंगणापूरचा चौथरा उघडला. पण आपल्या हॉलच्या दाराशी कोर्ट येत नाही. तिथे हेरवाडची पद्धतच कामाची, आपल्या माणसांनी बसून ठरवायचं. आम्ही सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते लिहूनच घेतलं, की हॉलमधल्या कुठल्याही धार्मिक कार्यक्रमात बाईला तिच्या लग्नावरून वेगळं वागवलं जाणार नाही. मिनिट्समध्ये आलं की पुढची कमिटी बदलली तरी विषय पुन्हा शून्यापासून सुरू होत नाही.

याचा उपयोग लगेच गणपतीत झाला. आरतीचा मान आमच्याकडे जोडप्यांना द्यायची पद्धत होती, आता फ्लॅट नंबरप्रमाणे रोज एक घर, घरात जे कोण आहेत ते. सत्यनारायणाला गुरुजी म्हणाले जोडपंच लागतं. बायको नसलेल्या पुरुषाला कमरेला सुपारी खोचून पूजेला बसता येतं हे मी स्वतः बघितलंय, मग नवरा नसलेल्या बाईला सुपारी का चालत नाही असं मी त्यांना विचारलं, रागाने नाही, खरंच जाणून घ्यायचं होतं. ते म्हणाले आमच्याकडे तशी पद्धत नाही. मग आम्ही बाई पुरोहित बोलावल्या, पुण्यात याची अजिबात अडचण नाही, ज्ञानप्रबोधिनीत कितीतरी वर्षं बायकांना पौरोहित्य शिकवतात, त्या अर्थ सांगत पूजा करतात आणि कोण बसलंय हे विचारत नाहीत. फक्त दीड-दोन महिने आधी फोन करा, गणपतीत सगळे बुक असतात. कोणी म्हणालं बायकांनी मंत्र म्हणू नयेत, तर त्यांना ऋषिपंचमीला पहाटे दगडूशेठसमोर घेऊन जा, हजारो बायका एका सुरात अथर्वशीर्ष म्हणत असतात.

दोन गोष्टी टाळा. सत्कार करू नका, स्टेजवर बोलावून शाल-श्रीफळ देऊन "आपल्या विधवा भगिनी" असं माइकवर म्हणू नका, त्या त्या दिवशी फक्त शेजारीण म्हणून आलेल्या असतात. आणि वॉर्डातल्या कोणा इच्छुकांनी वाण स्पॉन्सर करतो म्हटलं तर मोह होतो, पातेली, पैठणीचे खेळ वगैरे, पण मग फोटो त्यांचा, यादी त्यांची आणि फ्लेक्सवर "सुवासिनींसाठी" हा शब्दही त्यांचाच येतो. महापालिकेत निम्म्या जागा बायकांना राखीव आहेत, मत विधवेचंही असतं आणि उमेदवारही ती असू शकते, पण फ्लेक्स छापणाऱ्याच्या हे लक्षात नसतं. घ्यायचंच असेल तर तो शब्द काढायला लावा आणि मगच घ्या.

तारखांचं म्हणाल तर संक्रांत ते रथसप्तमी एवढे दिवस मिळतात, त्यामुळे घरोघरी जाऊन बोलायचं काम डिसेंबरात उरकून घ्या आणि मेसेज जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात टाका. चैत्रगौरीचं हळदीकुंकू त्याच पद्धतीने करता येतं, तिथे आंब्याची डाळ, पन्हं आणि भिजवलेले हरभरे, म्हणजे अजूनच सोपं.

आमचं अजून एक राहिलंय. गौरीजेवणाला घरोघरी सवाष्ण बोलावतात, ते हॉलमध्ये होत नाही, प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात होतं, तिथे मिनिट्स चालत नाहीत. यंदा मी माझ्या घरी काकूंना सवाष्ण म्हणून सांगणार आहे. सासूबाईंशी बोलणं झालंय, त्या हो म्हणाल्या नाहीत, नाही पण म्हणाल्या नाहीत, पुरणाला किती डाळ घालू एवढंच विचारलं. काकूंना अजून सांगायचंय.